पितृपक्षातली गाडी

२००५ सालातली गोष्ट. पितृपक्षाचे दिवस होते. चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या निम्म्यावर गाडीत समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे एकदम लागले आणि इंजिन गप्प झालं.

"काय झालं हो?"

"बंद पडली." यांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. काहीच नाही. गाडी हळूच मागे सरकली.

"अहो, ब्रेक!"

"दाबलाय! लाकडासारखा झालाय. हँडब्रेकही धरत नाही. तू उतर आणि चाकामागे दगड लाव. लवकर!"

मागच्या सीटवर आमची विशाखा होती. सातवा संपत आलेला. तिला पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही सांगलीला घेऊन चाललो होतो. दोन्ही हात पोटावर धरून ती "आई" एवढंच म्हणाली. मी पदर खोचला, दार उघडलं आणि सरकत्या गाडीतून उतरले. कठडा एका जागी ढासळला होता, त्याचेच दगड कडेला पडले होते. त्यातला उचलवेल तो उचलला आणि मागच्या चाकाला लावला. गाडी त्यावर टेकली, थरथरली आणि थांबली. कठडा जिथे ढासळला होता, ती जागा मागे फार लांब नव्हती.

हे उतरले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "कुणीतरी टेम्पो-ट्रक थांबवतो," म्हणून वळणाकडे गेले.

पाऊस ओसरला होता आणि ऊन चांगलंच तापलं होतं. विशाखाला झाडाखाली बसवावं म्हणून तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी मी ओढली, तर तिच्याबरोबर पायाखालची रबरी मॅट सरकली. आणि वास आला.

समोर चंदनाच्या अत्तराची बाटली टांगलेली होती. इतका वेळ तोच वास होता. आता उन्हाने गाडी तापल्यावर खालचा वर आला. त्याच ऑगस्टात सांगलीत आमच्या घरात कृष्णेचं पाणी ओट्यापर्यंत चढलं होतं. पुराच्या गाळाचा वास ज्या बाईने एकदा घरातून काढलाय, तिला तो ओळखायला कुणाची मदत लागत नाही. मी मॅटचं टोक उचललं. खाली जाजमाच्या शिवणीत वाळलेला गाळ होता. आमचा कृष्णेचा गाळ काळा. हा तांबडा होता, पिठासारखा बारीक.

मी वर पाहिलं. विशाखा माझ्याकडेच बघत होती.

"आई, मॅट खाली टाक," ती हळू म्हणाली. "अप्पा येताहेत."

मी मॅट खाली टाकली.

चिपळुणात पाणी भरलं त्या दिवशी ही गाडी कुठे होती, ते मला कळलं होतं. माझ्या मुलीला ते पहिल्यापासून माहीत होतं, हेही कळलं होतं. पण तिला मूल घेऊन परत त्याच घरात जायचं होतं.

गाडी तिच्या सासऱ्यांची. नाना खातू. चिपळूणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. मोठ्या आवाजाचे, सढळ हाताचे, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारे. घरच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर विशाखाचं डोहाळजेवण झालं, त्यासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. हे नुकतेच साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. कारखान्याची जीप चालवून हात बसलेला होता, आणि स्वतःची गाडी असावी असं आयुष्यभर मनात होतं. ते नानांनी बरोबर हेरलं.

"शेट्येसाहेब, ही माझी गाडी तुम्हीच घ्या," ओटीवर पान लावता लावता नाना म्हणाले होते. "फार चाललेली नाही. कंपनीची गॅरंटी अजून वर्षाच्या वर शिल्लक आहे. काही झालं तर कंपनी बघेल, तुमचा पैसा जाणार नाही."

"पण गॅरंटी तुम्हाला दिलेली. दुसऱ्याने घेतली तर चालते का?"

"गाडीबरोबर जाते. मी विचारून ठेवलंय. तुमची मुलगी आमच्याकडे आली, तेव्हा तिचे गुण काय सांगलीतच ठेवून आली?"

सगळे हसले. विशाखा चहा घेऊन आली होती. ती हसली नाही.

"आणि पुराचं?" यांनी विचारलं. माणूस स्टोअरकीपर होता, प्रश्न विचारायचा राहिला असं कधी होत नसे.

"पुरात दुकानाला पाणी लागलं, गाडीला नाही. आदल्या दिवशीच मी ती वरच्या आळीत, चढावर, मित्राकडे नेऊन ठेवली."

"अप्पांना कशाला हवी गाडी?" विशाखा मध्येच म्हणाली. "डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय त्यांचं. एस.टी. काय वाईट आहे?"

"बघा, बापाची काळजी! आमची करते का कोणी एवढी?" नाना म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

अनंत चतुर्दशीला यांनी पैसे त्यांच्या हातात दिले. कागदांचं मात्र अडलं. दोन दिवसांत पितृपक्ष लागत होता.

"नावावर दसऱ्याला करायची," हे म्हणाले. "आमच्या आईचा नियम. पितृपक्षात घरात सुईसुद्धा विकत आणायची नाही."

"मागच्या पितृपक्षात मिक्सर आणलात तो?" मी म्हणाले. मी शाळेत शिकवत होते, आणि सासूबाईंचे नियम यांच्या तोंडून ऐकले की मला हसूच येई.

"तो दुरुस्त करून आणला. विकत नव्हता आणला."

"बरोबर आहे साहेबांचं," नाना म्हणाले. "तोवर माझीच गाडी समजा. सूनबाईला माहेरी सोडायला दिली, झालं!"

अशी ती गाडी आम्ही घेऊन निघालो होतो.

एका टेम्पोवाल्याने दोर बांधून आम्हाला घाटमाथ्यापर्यंत ओढलं. तिथून कंपनीच्या कराडच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी गाडी नेली, आम्ही मागून वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडापच्या जीपने गेलो. तिथले मुख्य घोरपडे म्हणून होते. गळ्यात चष्मा, शर्टाच्या खिशात टॉर्च.

"मी ही गाडी सेकंडहँड घेतलीय," हे म्हणाले. "गॅरंटी मला चालेल ना?"

"चालेल की. वॉरंटी गाडीला असते साहेब, माणसाला नाही. उरलेली मुदत नव्या मालकाला मिळते. फक्त कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. कळवलंत का?"

"दसऱ्याला कळवणार होतो."

घोरपड्यांना कारण विचारावं लागलं नाही. "पितृपक्ष होय? मग आज कागदावर मालक खातूच. सही त्यांची लागणार. बोलवा त्यांना. तोवर मी उघडून बघतो."

दुपारनंतर त्यांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक चपटा डबा उघडून ठेवला होता.

"हा इंजिनाचा मेंदू म्हणा. सगळं इथून चालतं." त्यांनी डबा तिरका करून टकटक केलं. कागदावर तांबडी पूड पडली. "हे पाण्यात होतं, साहेब. पुरात बुडालेली गाडी वॉरंटीत बसत नाही."

"चिपळूणची माती तांबडीच असते. धूळ असेल."

"धूळ इतक्या आत जात नाही. पण मी कोण ठरवणार? मालकाने लिहून दिलं की गाडी पाण्यात नव्हती, तर मी वर पाठवतो. कंपनीचा माणूस येऊन तपासेल. खोटं निघालं तर मात्र मालक अडचणीत येईल. ते त्यांना आधी सांगा."

यांनी त्या पुडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "फोन कुठे आहे?"

आवाज फार शांत होता. यांचा राग आरडाओरड्याचा नव्हता. बोलणं तोडण्याचा होता. चुलतभावाने नेलेली शिडी मोडून परत दिली, आणि वर "मुळात मोडकीच होती" म्हणाला, तेव्हा हे असेच शांत बोलले होते. त्यानंतर त्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. शिडीपेक्षा ते खोटं त्यांना जास्त लागलं होतं.

मुक्कामाला आम्ही माझ्या मावसबहिणीकडे गेलो. संध्याकाळी विशाखा आत पडली होती. हे पडवीत बसले होते. ताट तसंच होतं.

"नाना उद्या येतोय," हे म्हणाले. "मी त्याला काही विचारणार नाही. विशाखाला विचारणार. त्याच्या समोर. ती माझ्याशी खोटं बोलत नाही."

"तिला कशाला मध्ये घेता?"

"मध्ये घेतली कोणी? तिच्या सासऱ्याने घेतली. सात महिन्यांच्या गरोदर पोरीला त्या गाडीत बसवून घाटात पाठवलं. माहीत असून. तू दगड लावला नसतास तर?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे खरं निघालं, तर बाळंतपण झाल्यावरही विशाखा तिकडे जाणार नाही. तिचा नवरा सांगलीला येऊन राहू दे, नाहीतर राहू दे तिकडेच."

"तिला विचारलंत?"

"उद्या विचारणार आहे ना."

आत खाटेची करकर झाली. विशाखा जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने नाना थेट सर्व्हिस सेंटरला आले; आम्ही तिघं तिथे आधीच होतो. हातात विहीणबाईंनी विशाखासाठी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. "काय घोरपडेसाहेब, आमच्या गाडीला काय झालं? नवी नवरी आहे हो, जरा लाजली असेल घाटात!" असं म्हणत, हसतच आत आले. हसण्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता.

मी मात्र त्यांच्या शर्टाकडे बघत होते. नवा, कडक इस्त्रीचा, फिक्या निळ्या कापडाचा. छातीवरून आडवी एक पुसटशी तपकिरी रेघ गेली होती. ठाणाची घडी पाण्यात उभी राहिली की कापडावर अशी रेघ उमटते आणि कितीही धुतली तरी जात नाही. खातूंच्या दुकानातलं कापड. दुकानाला नुसतं पाणी लागलं नव्हतं तर. दुकान बुडालं होतं, आणि हा माणूस बुडालेल्या ठाणांचे शर्ट शिवून घालत होता. चिपळुणात त्या वर्षी चिपळूणची गाडी कोणीच घेतली नसती. परगावचं गिऱ्हाईक हवं होतं. आम्ही होतो.

मला त्यांचा राग आला होताच. तो काही गेला नाही. पण रेघ दिसल्यावर नुसता रागही राहिला नाही.

घोरपड्यांनी कागद पुढे केला आणि सगळं पुन्हा सांगितलं. गाडी पाण्यात नव्हती असं लिहून सही करा, आणि खोटं निघालं तर काय, तेही.

"पाण्यात?" नाना हसले. "अहो, गाडी चढावर होती. विचारा आमच्या सूनबाईला, ती घरातच होती!"

"विचारतो," हे म्हणाले. "विशाखा, माझ्याकडे बघ."

विशाखा भिंतीजवळच्या खुर्चीवर होती. तिने वर पाहिलं.

"पूर आला त्या दिवशी गाडी कुठे होती? एवढं एकच सांग. तू सांगशील ते मी मानेन."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, तेवढा पाण्याचा आवाज येत होता. नानांचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, पण डोळे सुनेकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. हो म्हणाली तर सासर तुटणार. नाही म्हणाली तर बापाशी पहिल्यांदा खोटं बोलणार, आणि ते बापाला कळणार. माझ्या मुलीच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "गाडी..."

"थांब गं." मी उठले. "घोरपडे, आज कागदावर गाडी कुणाची आहे?"

"खातूंची."

"मग हिला काय विचारायचं? आणि आम्हाला तरी काय? आमची गाडीच नाही ती."

"म्हणजे?" हे माझ्याकडे वळले.

"पितृपक्षात शेट्यांच्या घरात सुईसुद्धा येत नाही. सासूबाईंचा नियम."

"मी नावापुरतं म्हटलं होतं. व्यवहार झालाय."

"सासूबाईंनी नावापुरतं म्हटलं होतं का?"

यांनी टेबलावरचा हात काढून घेतला.

"नियम मोडून गाडी घराकडे न्यायला निघालो, आणि घाटात काय झालं ते तुम्ही बघितलंत. आता सांगा, सासूबाई असत्या तर त्यांनी ही गाडी दारात येऊ दिली असती?"

"तू..." हे म्हणाले. "तू हे बोलतेस?"

"मीच बोलतेय. मला भीती बसलीय. मला ही गाडी नको."

तीस वर्षं ज्या नियमांना हसले, त्यातल्याच एकाला मी लोंबकळत होते. घोरपडे चष्मा पुसत होते. एका शिकलेल्या बाईबद्दल त्यांचं काय मत झालं असेल, ते मला दिसत होतं. मी टेबलावरची किल्ली उचलली आणि नानांच्या समोर धरली.

"नाना, तुमची गाडी तुम्हाला. सूनबाईला माहेरी सोडायला दिलीत, उपकार झाले."

हे त्यांचेच शब्द होते. त्यांनी ते ओळखले. व्यवहार झाला आहे, पैसे दिले-घेतले आहेत, असं ते म्हणू शकले असते. तसं म्हणाले असते तर माझ्याजवळ पुढचं काहीच नव्हतं. ते किल्लीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग नकळत हात छातीवरच्या त्या रेघेवर गेला आणि तिथेच राहिला.

"विहीणबाई," ते म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. "पैसे मला लगेच..."

"पितृपक्षात पैशाचं बोलणं नको. दसऱ्यानंतर बघू."

त्यांनी किल्ली घेतली आणि मूठ मिटली.

"मग सही करताय ना?" घोरपड्यांनी विचारलं.

"नको." नानांनी कागद परत सरकवला. "गॅरंटीत नाही बसायचं हे. दुरुस्तीचं काय होईल ते मला सांगा."

म्हणजे गाडी पाण्यात होती, हे न बोलता सांगून झालं होतं. हे नानांकडे बघत होते, आणि यांचा चेहरा तोच होता, शिडीच्या वेळचा. त्यांनी एकदा विशाखाकडे पाहिलं. ती मान खाली घालून लाडवांच्या डब्याचं झाकण चाचपत होती.

हे उठले. खुर्ची मागे लोटली.

"नाना," ते म्हणाले, "तुमच्या एस.टी.ला वेळ आहे. चला, समोर चहा घेऊ."

आम्ही तिघं एस.टी.ने सांगलीला आलो. हे पुढे बसले होते, खिडकीशी. विशाखाने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कराड मागे पडल्यावर ती म्हणाली, "आई, ती तांबडी माती किती धुतली तरी निघत नाही गं."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. यापलीकडे आम्ही दोघी त्या गाडीबद्दल कधी बोललो नाही.

दसरा झाला आणि जावई पैसे घेऊन आला. सगळे नव्हते, उरलेले पुढच्या वर्षात आले. विशाखाला मुलगी झाली, ऋचा. मूल तीन महिन्यांचं झाल्यावर ती चिपळूणला गेली. पोहोचवायला हेच गेले, एस.टी.ने.

गाडी नानांनी शेवटी कराडलाच विकली. घोरपड्यांच्या ओळखीने, जशी होती तशी, खरं काय ते सांगून. घोरपड्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दुकान पुन्हा उभं राहायला नानांना चार वर्षं लागली. त्यानंतर दर दसऱ्याला माझ्यासाठी एक साडी यायची. कधी फिकी निळी आली नाही. ते गेले, तेव्हा हे चिपळूणला तेराव्यापर्यंत राहिले.

यांनी पुढे स्वतःची नवी गाडी घेतली, दसऱ्यालाच, शोरूममधून. नातेवाईक जमले की हमखास सांगायचे, "पितृपक्ष पाळला म्हणून आम्ही एका गाडीतून वाचलो. आणि पाळला कोणी? हिने!" सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मी मान डोलवायची. यांना जाऊन आता सात वर्षं झाली.

२०२१ च्या जुलैत चिपळुणात पुन्हा पाणी घुसलं. विशाखाची गाडी छतापर्यंत बुडाली. घर धुतलं, गाडी धुतली, महिन्याभराने ती चालूही झाली. साताऱ्याहून एक नवरा-बायको विकत घ्यायला आले. ऋचाने मला फोनवर सांगितलं, थोडी चिडूनच. "आजी, किती छान चकचकीत केली होती बाबांनी! त्या लोकांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं. चहाही झाला नव्हता, तेवढ्यात आईने मागचं दार उघडलं आणि मॅट वर उचलून धरली."